ठिपका हिरवाच होता

"तू घरी नव्हतीस, तरी तू ठीक आहेस असं दाखवतंय," शंकासूर म्हणाला होता.

शंकासूर म्हणजे ऑफिसातला तपासनीस. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं त्याचं काम, आणि ते तो इतक्या चिकाटीने करायचा की त्याचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. त्या दिवशी तो तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. हातात तिने लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या, तिच्याच घरी घेतलेल्या चाचणीचा कागद.

"काल अकरा ते चार तू इथे माझ्यासमोर बसली होतीस. आणि ही नोंद बघ. अकरा ते चार, तुझ्या घरी, 'व्यक्ती ठीक'."

"अरे, पोरगी रांगत असेल. सासूबाई होत्या ना घरी."

"तेच म्हणतोय. पोरगी रांगली आणि तू ठीक झालीस."

ती हसली होती. "एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरात रांगणारं पोर कुठून येणार? तुझं नाव काही उगाच नाही पडलेलं." तिला सहाच्या आत घरी पोचायचं होतं, सहानंतर सासूबाईंचे गुडघे संपावर जायचे. तो डोकं खाजवत परत गेला, आणि तिने संगणक बंद केला.

काम तसं पुण्य मिळवून देणारंच होतं. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी, दाराशेजारी भिंतीवर एक पांढरी पेटी बसवलेली असायची. पेटीवर तळहाताएवढं बटण. सकाळी उठलं की ते दाबायचं, बस. दाबलं की केंद्रातल्या मोठ्या पडद्यावर त्या घराचा ठिपका हिरवा. दहा वाजेपर्यंत नाही दाबलं, तर लाल. मग केंद्रातून फोन, आणि फोन उचलला नाही तर घरी जाऊन बघणारी भेटताई दारात हजर. घरं दोन हजार आणि भेटताया तीन.

माणसं बटण दाबायला विसरायची. रोज तीस-पस्तीस ठिपके लाल व्हायचे. थोरली भेटताई एकदा बैठकीत सगळ्यांसमोर वैतागली. "चार जिने चढून जावं, छाती भात्यासारखी हलतेय, आणि आजोबा दार उघडून विचारतात, काय गं, इकडे कुठे? आता मलाच कुणीतरी बघायला पाठवा."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांना उपाय सुचला होता. पेटीत हालचाल टिपणारा डोळा होताच, दिवा आपोआप लागावा म्हणून बसवलेला. घरात हालचाल दिसली की बटण दाबल्यासारखंच धरायचं. "माणूस चालता-फिरता आहे ना, मग झालं तर," साहेब म्हणाले. "जमेल?"

तिला एक दुपार लागली. दोनच ओळी होत्या, आणि चाचणी तिने स्वतःच्याच घरी पेटी लावून घेतली. लाल ठिपके पस्तिसावरून चारावर आले, साहेबांनी केक मागवला, आणि थोरल्या भेटताईने तिच्या गालावरून हात फिरवून म्हटलं, "पाय वाचवलेस गं माझे." शंकासुराचा तो कागद कुठे गेला, हे तिने विचारलं नाही.

चौदा आठवड्यांनी, एका गुरुवारी, घड्याळजी सापडले.

घड्याळजी म्हणजे आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. बायको गेल्यापासून एकटे. एकटे म्हणजे एक मांजर होती. सोमवारी सकाळी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. पेटी दाराशेजारी, नऊ पावलांवर. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मंगळवारी दुपारी केंद्राला फोन केला होता: मांजर सारखी ओरडतेय, जरा बघता का? केंद्रातल्या मुलीने पडदा बघून सांगितलं, "त्यांचा ठिपका हिरवा आहे, काळजी करू नका." बुधवारी सकाळी बाईंनी पुन्हा फोन केला. पुन्हा तेच उत्तर. गुरुवारी त्यांनी कुलूप तोडणाऱ्याला बोलावलं.

डॉक्टरांच्या मते ते बुधवार दुपारपर्यंत जिवंत असावेत.

तिने नोंदी उघडल्या. दोन वर्षांचे सगळे दिवस एकाखाली एक. बटण, सात वाजता. बटण, सात वाजता. सात वाजून एक मिनिट, एकदाच, बहुधा सर्दी-ताप असेल. पुन्हा सात. ज्या माणसाने दोन वर्षांत सात चुकवले नव्हते, त्याच्यापुढे सोमवारी काहीच नव्हतं. त्याखाली नुसती हालचाल, हालचाल, हालचाल. मांजर दाराशी जात होती, परत येत होती. आणि प्रत्येक नोंदीपुढे तिने लिहिलेले शब्द: व्यक्ती ठीक.

 तिच्या तोंडातून सगळ्यांत आधी जे बाहेर पडलं, ते असं: "मला जे सांगितलं, तेच मी लिहिलं." घड्याळजींबद्दल वाईट वाटायच्याही आधी. हे तिला पुढे फार दिवस आठवत राहणार होतं.

"बरोबर आहे तुझं," साहेब म्हणाले. शुक्रवारी सकाळी त्यांनी दोघांनाच खोलीत बोलावलं होतं, तिला आणि शंकासुराला. "प्रोग्रॅममध्ये चूक नाही. जसा सांगितला तसाच चालला. उगाच स्वतःला लावून घेऊ नका."

'मी म्हणालो होतो' असं शंकासूर म्हणेल, याची ती वाट बघत होती. म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो बोटाची साल काढत म्हणाला, "माझाही हात आहे यात. मी ती नोंद 'किरकोळ' म्हणून बंद केली. ही हसली, म्हणून मीही सोडून दिलं."

"साहेब, तो नियम आज काढून टाकू या," ती म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे."

"आणि दहा मिनिटांनी पडद्यावर दोनशे लाल उगवतील. लोकांनी बटण दाबायचंच सोडलंय, कारण न दाबल्याचं कुणी विचारत नाही. तीन बायका पाठवू दोनशे घरी? शिवाय वरच्यांची लेखी मंजुरी लागते. सोमवारी बैठक आहे."

"सोमवारपर्यंत आणखी कुणी पडलं असेल तर?"

"तर ठिपका..." साहेब बोलता बोलता थांबले. मग फोन उचलून त्यात बघत राहिले.

घरी तिची एक सवय होती. लेक झोपली की ती दर अर्ध्या तासाने पाळण्यापाशी जायची. दुपटं वरखाली होताना दिसलं तरी तिचं समाधान व्हायचं नाही; लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास गरम लागला की मगच जीव भांड्यात पडायचा. सासूबाई म्हणायच्या, "अगं, झोपू दे तिला, तूच उठवशील एखाद्या दिवशी." दुसऱ्याच्या घरासाठी मात्र तिने लिहून टाकलं होतं, हललं की पुरे. ही गोष्ट तिला साहेबांच्या खोलीतून टेबलापर्यंत येताना सुचली, आणि मग ती खाली बसू शकली नाही.

उभ्यानेच तिने यादी काढली. घरात प्राणी असल्याची नोंद, तीन दिवस बटण नाही, तरी ठिपका हिरवा. अशी एकोणीस घरं निघाली. तिने कागद छापला. साहेबांनी काचेतून पाहिलं आणि बाहेर आले.

"ही यादी केंद्राबाहेर जात नाही. लोकांची खाजगी माहिती आहे. नंतर मला म्हणू नकोस, आधी सांगितलं नाही."

जिन्यात उभं राहून तिने नवऱ्याला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आपल्याला लेक आहे, हे विसरू नकोस."

"तेच तर विसरता येत नाहीये."

"मग विचारतेस कशाला? जा." आणि फोन ठेवता ठेवता, "आईला मी सांगतो. दूध तापवून ठेवायला."

थोरली भेटताई चपला घालूनच बसली होती. "दे इकडे तो कागद," ती म्हणाली. "माझे पाय वाचवायला निघाली होतीस ना, चल आता माझ्याबरोबर."

शुक्रवार दुपार आणि शनिवार, त्या दोघी जिने चढत राहिल्या. तिला ठिपके माहीत होते, दारं माहीत नव्हती. कुठे पायपुसण्यावर काठी आडवी, कुठे बेलच्या बटणावर चिकटपट्टी. एका आजींनी दार उघडलं आणि दारातच उभं ठेवून झापलं, "तीन महिने कुणी विचारलं नाही. मला वाटलं, बंद पडली तुमची पेटी. मी तिच्यावर टोपी अडकवते." एक गृहस्थ मुलीकडे राहायला गेले होते, शेजारीण त्यांच्या मांजराला खायला घालायला यायची आणि तिच्यामुळे ते रोज ठीक असायचे. दोघं त्यांच्याशीच चक्क भांडले, आम्ही काय मेलोय का, म्हणून. भेटताई शांतपणे म्हणाली, "नाही ना? तेच बघायला आलो," आणि यादीवर खूण केली.

चौदाव्या दारामागून कुत्रा भुंकला आणि बाकी काही आलं नाही. शेजाऱ्यांकडे किल्ली होती. न्हाणीघरात, ओल्या फरशीवर, एक आजोबा भिंतीला टेकून बसले होते. दीड दिवस. ओठ फुटलेले, डोळे उघडे. भेटताईने त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ओल्या रुमालाने ओठ टिपले. दुसऱ्या बाजूने तिने त्यांच्या नाकाशी बोट धरलं. श्वास होता. रुग्णवाहिका येईपर्यंत ते तिच्याकडे बघत होते, आणि तुमचा ठिपका मी हिरवा ठेवला होता, हे त्यांना सांगायचं तिला धाडस झालं नाही.

सोमवारी तिचं ओळखपत्र दारापाशी चाललं नाही. यंत्रावरचा दिवा लाल झाला. पहारेकरी ओशाळून म्हणाला, "ताई, तुमचा डबा आणून देऊ का आतून?" संध्याकाळी शंकासुराचा फोन आला. बैठक झाली होती. नियम काढला नव्हता, सुधारला होता. आता एक हालचाल पुरत नाही, तीन लागतात.

"मांजर एका मिनिटात करेल तीन," ती म्हणाली.

"मी लिहून दिलंय तसं. या वेळी 'गंभीर' म्हणून. बंद करायला सांगितलं तरी करणार नाही."

अठरा घरांवर खुणा झाल्या. एकोणिसावं घर सापडलेलं नाही.

त्या घरातल्या बाई निवृत्त परिचारिका आहेत, सोबतीला एक म्हातारा कुत्रा. नोंदीतल्या पत्त्यावर आता पत्र्याचं कुंपण आहे आणि आत खड्डा, इमारत पाडली. घर बदलताना बाईंनी पेटी उचलून बरोबर नेली आणि नव्या दाराशेजारी लावली असावी, कारण ठिपका अजून हिरवाच आहे; पेटीत सिमकार्ड असतं आणि ती कुठेही चालते. पत्ता कळवायचा राहिला. जुना फोन बंद, भाच्याचा नंबर दुसऱ्याच कुणाकडे लागतो. पोलिसांनी तक्रार नीट लिहून घेतली, मग केंद्राला विचारलं. केंद्राने पडदा बघितला आणि सांगितलं, ठीक आहेत. पेटी कुठून बोलते हे शोधता येतं म्हणतात, पण त्याला अर्ज लागतो, आणि अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे.

रोज सकाळी दहा वाजता ती लेकीला कडेवर घेऊन शंकासुराला फोन करते.

"आज?"

"हिरवा."

"बटण?"

"नाही."

आज अशा फोनचा नववा दिवस. कदाचित बाई मजेत असतील, रोज कुत्र्याला फिरवत असतील, पेटीवर टोपी अडकवत असतील. असंच असो. पण ती सांगत फिरते आहे, जो ऐकेल त्याला, आणि तुम्ही इथवर आला आहात म्हणून तुम्हालाही. तुमच्या जिन्यात गेल्या काही महिन्यांत एखाद्या वयस्कर बाई एकट्या राहायला आल्या असतील, बरोबर एक म्हातारा कुत्रा, दाराच्या आत भिंतीवर पांढरी पेटी, तर आज त्यांच्या दारावर थाप मारा. आतून पावलं वाजली, काही सरकल्याचा आवाज आला, तरी परत फिरू नका. बाईंचा आवाज येईपर्यंत दारातच थांबा.