कलम एकतीसचे चिकटलेले पान

माझ्या एका पानावर उसाच्या रसाचा डाग आहे, बांगडीएवढा. मधे फिकट, कडेला गडद. रस वाळताना साखर कडेकडे सरकते आणि तिथेच घट्ट होते. मित्रांनो, मी फौजदारी कायद्याचे एक जुने पुस्तक आहे. त्या कडेने माझी दोन पाने एकमेकांना चिकटवली.

तळेगाव ढमढेऱ्याच्या सोपानराव वकिलांनी मला घेतले, खाकी कव्हर घातले. “आमचं पुस्तक कधी चुकत न्हाई,” असे ते पक्षकारांना सांगत. मला ते खरे वाटे. एका बाजाराच्या दिवशी रसवंतीवर त्यांचा पेला माझ्यावर कलंडला. त्यांनी रुमालाने पुसून मला मिटले.

पुढे वडगाव रासाईच्या रोहिदासवर खटला झाला. त्याने भीमेकाठच्या तीन विहिरींवरून पाण्याच्या मोटारी चोरल्या होत्या. प्रत्येक मोटारीला तीन वर्षे, एक शिक्षा संपली की दुसरी. एकूण नऊ. रोहिदासचे वकील म्हणून अपील लिहिताना सोपानरावांनी कलम एकतीस उघडले. अशा शिक्षांची बेरीज चौदा वर्षांपुढे जाऊ नये, एवढे दिसले. वाक्य पुढे चालूच होते, पण दोन पाने एकदम उलटली आणि वेगळेच कलम लागले. त्यांनी मला मिटले. अपिलात शिक्षेच्या बेरजेचा मुद्दा आलाच नाही. अपील पडून राहिले. नवा कायदा आला, मी कपाटाच्या तळाशी गेले. तेव्हा मला काही वाटले नाही. आताही फारसे वाटत नाही.

सहा वर्षांनी सुनावणी लागली. जुन्या खटल्याला जुना कायदा, म्हणून मला बाहेर काढले. समोर रोहिदासची आई सारजाबाई बसली होती.

“पानं चिकटल्यात व्हय, वकीलसाहेब?”

“ऱ्हाऊ द्या मावशी, फाटंल.”

“पापड्या फडक्याला चिकटल्या, की फडकं उलटं करून पाणी मारायचं. सुटत्यात.”

“हे कायद्याचं पुस्तक हाय, फडकं न्हाई!”

“मग ऱ्हाऊ द्या बंद. पोरगं बी बंदच हाय.”

सोपानरावांनी मला तिच्यापुढे सरकवले. तिने डागावर ओली बोटे हळूहळू फिरवली. पाने सुटली. आत उरलेले अर्धे वाक्य होते: त्या न्यायालयाला एका गुन्ह्यासाठी जेवढी शिक्षा देता येते, तिच्या दुपटीहूनही बेरीज जास्त नसावी. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाला तीनच वर्षे देता येत होती. दुप्पट सहा.

मित्रांनो, पुस्तके कोरडी ठेवा. पान चिकटलेच, तर त्याच दिवशी सोडवा.

वरच्या न्यायालयात सोपानरावांनी ते वाक्य वाचून दाखवले. सरकारी वकील म्हणाले, नऊ तर चौदाच्या आतच आहेत. न्यायाधीशांनी स्वतःचे पुस्तक उघडले. त्याची पाने सुटी होती. सारजाबाई मला छातीशी धरून मागे उभी होती.

“दोन्ही मर्यादा एकाच वेळी पाळायच्या असतात,” न्यायाधीश म्हणाले. “चोऱ्या तीन असल्या तरी खटला एकच होता. एकूण शिक्षा सहा वर्षे. आरोपी किती काळ आत आहे?”

“सहा वर्षे पाच महिने,” सोपानराव म्हणाले.

न्यायाधीशांनी पेन उचलले.

“त्याला आजच सोडा.”