एका पातेल्याचं जेवण

"वहिनी, कांदा झाला म्हणायचं का आता?"

"जरासा राहिलाय. अजून थोडा... हं. आता गाजर टाक."

दिराने गाजर टाकलं आणि लगेच मान वळवून वहिनीकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. कडेवर लेक गुंडी, गुंडीच्या मुठीत तिच्या केसांची बट, आणि जागरणाने चुरचुरणारे डोळे. लेकीला दाढ येत होती, त्यामुळे रात्री घरात कुणालाच धड झोप नव्हती. त्यातही नवऱ्याला आणि दिराला कूस बदलून पुन्हा घोरता येत होतं. हिला ती सोय नव्हती.

"ढवळ."

त्याने ढवळलं.

"डाळ-तांदूळ घाल. आता पाणी."

त्याने पाणी घातलं आणि पुन्हा मागे पाहिलं.

"हं," ती म्हणाली.

आठवडाभर हे असंच चाललं होतं. शिकवायचे प्रकार मोजून तीन, तेही अगदी सोपे. मसुरीची डाळ, तांदूळ आणि गाजर एकाच पातेल्यात शिजवायचं. नाहीतर पालक चिरून तव्यावर टाकायचा आणि त्यात अंडी फोडून परतायची. अगदीच कंटाळा आला तर उकडलेला बटाटा दह्यात कुस्करून वर मटार घालायचे. कॉलेजच्या पोराला एवढं जमलं तर तो उपाशीही राहत नाही आणि आजारीही पडत नाही. हा मात्र गेल्या वर्षी होस्टेलवर पाकिटातल्या शेवया आणि तळलेले चिप्स खाऊन पोटाची पार वाट लावून बसला होता. डॉक्टरांनी खडसावलं तेव्हा बाडबिस्तरा घेऊन भावाच्या घरी आला. तेव्हापासून त्याचंही ताट वहिनीच वाढत होती.

सोमवारपासून ती दुपार उलटेपर्यंत घरी नसणार होती. म्हणजे, तिने होकार दिला तर. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत सकाळच्या पाळीची जागा मिळत होती. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती घरात गुंडीच्या बाटल्या उकळत होती, त्याला आता वर्ष उलटून गेलं होतं. नवरा दिवसभर कामावर, दिराचं कॉलेज संध्याकाळचं. ती परत येईपर्यंत गुंडीला सांभाळणं आणि दुपारी तिला व स्वतःला जेवू घालणं दिराच्या गळ्यात पडणार होतं. प्रयोगशाळेच्या मॅडमनी आज दिवसभरात उत्तर मागितलं होतं. दुसरी एक मुलगी तयारच होती.

सासूबाईंनी सकाळीच फोन करून मत देऊन टाकलं होतं. "घाई कसली ग एवढी? पोर अजून घास गालात धरून ठेवते. आणि तो तिला काय शिजवून घालणार, डोंबल? त्याला दूध तापवायला सांगितलं तर तो झोपून जाईल."

नवरा म्हणाला होता, "रोज बाहेरून मागवूया की." म्हणजे पुन्हा ते पोट, पुन्हा तो डॉक्टर. आणि गुंडीने काय खायचं, पार्सलचा खोका?

गुंडीचा लंगोट ओला झाला म्हणून ती आतल्या खोलीत गेली. जेमतेम बटणं सोडवते तोच शेगडीवर चर्र झालं. ती तशीच, उघड्या पोरीला काखोटीला मारून धावली. पातेलं उतू जात होतं. दीर शेगडीसमोर हातात झाकण घेऊन उभा होता आणि त्याची नजर दाराकडे होती.

"अरे, उतू जातंय!"

"हो ना. मी तुझीच वाट बघत होतो."

"माझी कशाला? पातेलं तिकडे आहे का?"

त्याने गॅस बारीक केला. ती पुढे झाली, फडका घेऊन शेगडी पुसायला लागली, आणि पुसता पुसता तिचा हात मंदावला. आठवडाभर डोळ्यांत तेल घालून तिने त्याच्यावर लक्ष ठेवलं होतं. सुरी उचलली की "बोटं सांभाळ", तिखटाचा डबा उघडला की "गुंडीचं आहे". पोरगा काही कांदा बघायला शिकला नव्हता, तिचा चेहरा बघायला शिकला होता.

तिने गुंडीला कपडे घातले आणि त्याच्या कडेवर दिली.

"आता पुढचं तू बघ. मी बाजारात जाऊन येते."

"आत्ता? आणि हे?"

"हे तुझं. भाऊजी, सोमवारी मी काय शेगडीखाली बसून राहणार आहे?"

चिडली की ती त्याला भाऊजी म्हणायची. ती बाहेर पडली, दार ओढून घेतलं, आणि तिचा पाय निघेना. जिन्याच्या पायरीवरच बसली. आतून भांड्याचा आवाज आला. मग गुंडीची किरकिर. मग काहीच नाही, आणि हे तर सगळ्यांत वाईट.

मांडीवरचा फोन वाजला.

"वहिनी, गाजर मऊ झालं की नाही ते कसं ओळखायचं?"

"मला इथून कसं दिसणार? चमचा टोचून—"

दार उघडलं. एका हातात डाव, कानाशी फोन, काखेत गुंडी. "तुझा फोन जिन्यात वाजला."

"जातच होते."

"पायात चप्पल नाही."

तिने पायांकडे पाहिलं. खरंच नव्हती.

"वहिनी, तू खरोखरची जा. तू इथे आहेस कळलं की मी विचारतच बसणार. परीक्षेत सर पाठीशी येऊन उभे राहिले की मला माझं नाव सुद्धा आठवत नाही." त्याने पायाने तिची चप्पल बाहेर ढकलली. "आणि मी फोन केला तर उचलू नकोस."

"आणि तिला काही झालं तर?"

"मग ओरडेन. पूर्ण गल्लीला ऐकू जाईल."

गुंडीने आईकडे पाहून हात पसरले. दार लागलं.

ती कोपऱ्यावरच्या लाँड्रीपर्यंत गेली. त्याच्या पुढे जाण्याची ताकद नव्हती. आत लांब बाक होता, गरम हवा होती, आणि गोल काचांमागे लोकांच्या चादरी गरगरत होत्या. ती फोन मुठीत धरून बसली. डोळ्यांसमोर एकेक चित्र येऊ लागलं. वाफेचं झाकण. ओट्याच्या कडेला राहिलेली सुरी. न शिजलेलं गाजर आणि गुंडीचा इवलासा घसा. परत जावं, म्हणून ती उठायला गेली आणि उठण्याआधी क्षणभर भिंतीला डोकं टेकलं.

"ताई, अहो ताई." लाँड्रीवाली खांदा हलवत होती. "तुमचे कपडे कुठल्या मशीनमध्ये आहेत? सगळ्या थांबल्यात."

"माझे कपडे नाहीत," ती दचकून म्हणाली.

लाँड्रीवालीने तिला एकदा नीट न्याहाळलं. "मग झोपा," म्हणाली आणि चादरी काढायला वळली.

ती धावतच घरी आली. करपल्याचा वास जिन्यातच भेटला. दार ढकललं.

गुंडी कपड्यांच्या टोपलीत बसली होती. बापाच्या शर्टांवर, राणीसारखी. केसांत अंडं, कानामागे पालक, हातात पावाचा तुकडा. दीर तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून जेवत होता. मोरीत ते पातेलं, बुडाशी कोळसा झालेलं.

"टोपलीत का ठेवलीस?"

"शेगडीकडे रांगत होती. यातून तिला बाहेर येता येत नाही, आणि मला ती दिसते."

"आणि पातेलं?"

"लागलं खाली. तू सांगशील म्हणून थांबलो होतो बहुतेक. वास आला तेव्हा लक्षात आलं की गॅस मलाच बंद करायचाय." त्याने पाव मोडला. "मग अंडी केली. पालक कात्रीने कापला, सुरी नको म्हटलं."

"किती खाल्लं तिनं?"

"मोजलं नाही. तोंड फिरवलं, मग मी थांबलो."

तिने गुडघे टेकले आणि गुंडीच्या गालात बोट घालून पाहिलं. एकीकडे, मग दुसरीकडे.

"माझ्यावर विश्वास नाही ना?"

"तिच्यावर नाही," ती म्हणाली. पण गाल रिकामे होते. वर्षभर ती एकेक घास मोजत आली होती, आणि न मोजताही पोरीचं पोट घट्ट, गोल भरलेलं लागत होतं हाताला.

फोनवर मॅडमचा कॉल येऊन गेलेला दिसला. लाँड्रीत झोप लागली तेव्हाचा असणार. तिने तिथेच, टोपलीशी बसून परत फोन लावला.

"हं, बोला," मॅडम म्हणाल्या. "घरची सोय झाली का?"

तिने मोरीतल्या पातेल्याकडे पाहिलं. "झालीय. म्हणजे, होईल हळूहळू."

"नक्की काय ते सांगा हो. मला त्या दुसऱ्या मुलीला कळवायचंय."

दीर घास हातात धरून थांबला होता. आता तो तिच्याकडे बघत होता तो शिजलं की नाही हे विचारायला नव्हे.

"त्यांना नाही म्हणून कळवा," ती म्हणाली. "सोमवारी येते मी."

फोन ठेवल्यावर आनंद व्हायला हवा होता. झाला असेलही, कुठेतरी आत, पण वरपर्यंत यायला त्याला जोर नव्हता. दिराने उरलेली अंडी ताटलीत घालून पुढे सरकवली. "बस आणि खा." ती बसलेलीच होती. अंडी गार झाली होती, पालकाचे देठ दाताखाली येत होते, आणि तिने सगळी संपवली.

"आईला काय सांगायचं?" त्याने विचारलं.

"सांग, डोंबल शिजवलं आणि पोरीनं खाल्लं."

तो एवढ्या मोठ्याने हसला की गुंडी पण हसली.

मग ती लेकीला घेऊन आत आडवी झाली. गुंडीने तिच्या पोटावर पाय टाकला आणि लगेच झोपली. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला. भांडी वाजली. आणि मग खर्र, खर्र असा आवाज. तारेची घासणी. पातेल्यावर नाही, हा आवाज वेगळा होता. पोरगा नॉनस्टिक तवा तारेने घासत होता.

तिने मान उचलली. ओठ उघडले. तवा नवा होता, आणि अजून दोन घासण्यांत त्याचा निकाल लागणार होता. तिकडून दीर कसलंसं गाणं गुणगुणत होता, बेसूर, रमून गेलेला.

तिने मान परत उशीवर टेकली, गुंडीचा पाय जरा खाली सरकवला आणि डोळे मिटून घेतले.