सारजा, गोंदाजीची बेवा

आमच्या भावकीतल्या पुरुषांनी तीन वर्षं गोंदाजी शोधला. गोंदाजी म्हणजे माझ्या आजोबांचा आजोबा. निजामाच्या काळच्या खानेसुमारीत, म्हणजे तेव्हाच्या जनगणनेत, त्याच्या नावापुढे 'कुणबी' लिहिलेलं सापडलं की आम्हाला दाखले मिळणार होते. माझे मोठे चुलते सांडूनाना त्यासाठी दर सोमवारी देवगाव रंगारीहून शहरात यायचे, क्रांती चौकात भजी खायचे आणि 'कागद नाय सापडला' म्हणत परत जायचे.

मग मला नर्सिंगला जागा लागली. शुक्रवारपर्यंत दाखल्याचा अर्ज नाही गेला तर जागा दुसऱ्याला जाणार होती. मी स्वतःच शहरातल्या कचेरीत गेले. निजामाचे कागद उर्दूत आणि मला उर्दू येत नाही, म्हणून ओळखीच्या बशीर मास्तरांना सोबत नेलं. दोन दिवस ते आमच्या गावाची पानं वाचत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चष्मा काढला.

"बेटा, गोंदाजी नहीं है. गोंदाजी की बेवा है. सारजा. घर उसी के नाम पे है. कौम कुणबी, पेशा काश्तकारी. एक लडका, तुकाराम, उमर चार साल."

तुकाराम माझे पणजोबा. म्हणजे मोजणीवाले दारात आले तेव्हा गोंदाजी मेलेला होता. विधवा बाई चार वर्षांचं पोर घेऊन शेत कसत होती आणि सरकारनं तिला घरची कर्ती म्हणून लिहून घेतलं होतं. सरकारला दिसली, आमच्या घरच्यांना नाही.

संध्याकाळी घरी जाऊन नानांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मी वाचणाऱ्याला सांगितलंच व्हतं, बाईच्या नावाची घरं सोडून दे. उगं टाइम जातो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं! आणि सारजा कोण हे विचारायला कुठं लांब जायचीही गरज नव्हती. विहिरीकडच्या आमच्या तुकड्याला सगळं गाव 'सारजीचं वावर' म्हणतं. नाना रोज सकाळी तिथं पाणी धरायला जातात. तिथल्या मक्यावर घर उभं राहिलं, पोरं शिकली, आणि ही सारजी कोण होती असा प्रश्न एकाही बाप्याला पडला नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला मात्र सगळे पुढे.

गुरुवारी नाना वंशावळ लिहायला बसले. घरातले वडीलधारे म्हणून त्यावर त्यांचीच सही लागणार होती. गोंदाजीच्या शेजारी त्यांनी 'सारजाबाई' लिहिलं, कारण कागदच तिच्या नावाचा, सोडून चालणार नव्हतं. खाली तुकाराम. त्याखाली माझे आजोबा. मग सांडू आणि कचरू. सांडूच्या खाली त्यांचा मुलगा सत्यम. कचरू म्हणजे माझे वडील, त्यांच्या खाली काहीच नाही. नानांनी पेनाला टोपण लावलं.

"नाना, माझं नाव राहिलं."

"वंशावळीत पोरी नसत्यात, प्रेरणा. उद्या तुझं लगीन व्हईल, तू दुसऱ्याची. सत्यमचं भरतीचं काम तर होऊ दे."

"माझं नाव नसेल तर माझा अर्ज बसत नाही."

"पुढच्या वर्षी बघू."

मी वडिलांकडे पाहिलं. ते चहाच्या कपात बघत होते. एकुलत्या एक पोरीला नाना त्यांच्यादेखत कागदावरून पुसत होते आणि यांना चहावरची साय महत्त्वाची! नानांपेक्षा मला त्या वेळी त्यांचाच जास्त राग आला.

"त्या पानाची शिक्क्याची नक्कल माझ्या बॅगेत आहे," मी म्हणाले. "माझं नाव नसेल तर ती मिळणार नाही. मग सत्यमचा अर्जही राहू दे."

"भावाचं वाटोळं करशील व्हय गं?"

"करीन."

आतून आशाबाई, माझी आई, दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या बॅगेकडे. मग टोपण काढलं आणि कचरूच्या खाली 'प्रेरणा' लिहिलं. अक्षर मुद्दाम बारीक काढलं होतं.

"झालं समाधान?"

नव्हतं झालं. माझं काम झालं होतं, अर्ज उद्या जाणार होता, तरी मी कागद परत नानांपुढे सरकवला. मी म्हणाले, "आता सगळ्यांच्या शेजारी त्यांच्या बायकांची नावं लिहा. तुमच्या शेजारी काकूचं, पप्पांच्या शेजारी आईचं, आजोबांच्या शेजारी आजीचं."

चिडून का होईना, त्यांनी भराभरा लिहिली. तुकारामापाशी पेन थांबलं. तुकारामाची बायको म्हणजे नानांची सख्खी आजी. नाना पंधरा वर्षांचे होईपर्यंत तिच्याच हातचं जेवले होते, तिच्याच गोधडीत झोपले होते.

"कचरू," नाना हळूच म्हणाले, "म्हातारीचं नाव काय व्हतं रं?"

वडिलांनी कप खाली ठेवला.

"म्हातारीच म्हणायचो ना तिला," ते म्हणाले.