भोपळ्याची जागा

कुत्र्याची ॲलर्जी मला खरंच आहे, ते काही नाटक नाही. डॉक्टरांनी हातावर टोचून बघितलं तेव्हा हात टरारून सुजला होता.

सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले ते त्यांच्या भोपळ्याला घेऊनच. भोपळ्या म्हणजे कुत्रा. गोल, पिवळट आणि डोक्याने यथातथाच. मी पहिल्याच दिवशी सुनावलं, "बाबा, तुम्ही घरात, हा गॅलरीत. माझ्या शिवणाच्या खोलीत तर त्याचं पाऊलही नको." माझी जीभ अशीच. हिला कपडे शिवता येतात, तोंड तेवढं शिवता येत नाही, असं नवरा म्हणतो.

बाबांनी जन्मभर लोकांची घरं रंगवली. आल्या आल्या माझी खोलीही त्यांनीच रंगवून दिली. त्याच शिस्तीने ते कुत्र्याच्या केसांच्या मागे लागले. गॅलरीच्या दाराच्या फटींना प्लास्टिक चिकटवलं. झाडू बंद, सगळी फरशी ओल्या फडक्याने टिपायची. "धूळ उडवायची नसते, उचलायची असते," म्हणाले. भोपळ्याला विंचरलं की सदरा तिथेच बदलून मग आत. मला खरोखर बरं वाटायला लागलं.

आणि मग मीच माती खाल्ली.

सकाळी नवरा कामावर आणि बाबा फिरायला गेले की घरात मी आणि मशीन. गॅलरीच्या काचेतून भोपळ्या टकामका बघत बसायचा. एकदा त्याला म्हटलं, ये रे, पाच मिनिटं. तो थेट मशीनखाली शिरला आणि माझ्या पावलांवर हनुवटी टेकून झोपला. मग ते रोजचंच झालं. गिऱ्हाइकांची उणीदुणी, सासूबाईंची आठवण, काय वाटेल ते मी त्याच्याशी बोलायचे. माणसांशी बोलताना माझा आवाज चढतो, याच्याशी चढायचा नाही. बाबा यायच्या आत त्याला बाहेर घालवायचं, चिकटपट्टीने अंगावरचे केस काढायचे, गोळी गिळायची.

संध्याकाळी डोळे सुजायचेच. शिंकांवर शिंका. बाबांचा चेहरा उतरायचा. "कुठे कमी पडतोय मी, सूनबाई?" म्हणत ते गुडघे धरून पुन्हा फरशी पुसायला बसायचे. एकदा मी काय बोलावं? "तुमच्या कपड्यांना चिकटून येतात केस." धडधडीत खोटं. दुसऱ्या दिवसापासून ते ताट घेऊन गॅलरीत जेवायला लागले. नवऱ्याने खूप समजावलं, ऐकेनात. मी आत बसून जेवत होते. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण बोलले नाही. सगळ्या घराला नियम लावणारी मी, आता कोणत्या तोंडाने सांगणार?

परवा मला धाप लागली, दवाखान्यात न्यावं लागलं. आज बाबांनी ओळखीच्या एका सुताराला बोलावलं, भोपळ्याला कायमचं घेऊन जायला. "तुझ्या श्वासापेक्षा कुत्रं मोठं नाही," एवढंच म्हणाले आणि पट्टा बांधायला वाकले. बकल काही केल्या लागेना, शेवटी कसंबसं अडकवलं. मी दारात उभी. सांगून टाक, सांगून टाक, असं मनात चाललेलं, आणि एरवी कात्रीसारखी चालणारी जीभ नेमकी टाळ्याला चिकटलेली.

सुताराने पट्टा ओढला. भोपळ्याने हिसडा मारला, माझ्या खोलीत पळाला आणि भिंतीला पाठ लावून मशीनखाली मुडपून बसला.

"याला जागा बरी माहीत आहे," सुतार हसून म्हणाला.

बाबा त्याला काढायला वाकले आणि तसेच थांबले. मशीनमागच्या भिंतीवर, कुत्र्याच्या पाठीच्या उंचीला, तेलकट काळपट पट्टा उमटला होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "हे एका दिवसाचं नाही," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं.

"मीच घेत होते त्याला आत," मी म्हणाले. "रोज. तुम्ही बाहेर पडलात की."

सुतार शहाणा माणूस. नंतर येतो म्हणाला आणि भोपळ्याला न घेताच निघून गेला. बाबा तिथेच फरशीवर बसले. वाटलं, आता चांगलं फैलावर घेतील, निदान माझ्या मनावरचं ओझं तरी उतरेल.

"मग मी बाहेर का जेवत होतो, पोरी?" त्यांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि ते माझ्या उत्तराची वाट बघत बसले होते.