लाल दोऱ्याचा रफू

रफूवाल्याने आयुष्यभर एकच गोष्ट कसोशीने पाळली होती. आपण काही केलंय हे कुणाला कळू द्यायचं नाही. कोटाला भोक पडलं की त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे उपसायचे आणि बारीक सुईने उभे-आडवे विणत बसायचं. गिऱ्हाईक डोळे फाडून "कुठे होतं हो भोक?" असं विचारू लागलं, की काम फत्ते. तेच गिऱ्हाईक मग मजुरी देताना कुरकुर करायचं, तो भाग वेगळा.

त्याचं दुकान बंद होऊन वर्ष झालं होतं आणि घरी बसून तो गंजत चालला होता. म्हणून लेकीने तिच्या नव्या दुकानातले सहा जुने कोट सांधायला दिले, तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. काम जमलं तर दुकानातली खिडकीजवळची खुर्ची त्याची, असं ठरलं होतं.

आठ दिवसांनी लेकीने कोट उलटेपालटे करून पाहिले.

"बाबा, अजून सुरुवातच नाही केलीत?"

एवढी मोठी शाबासकी त्याला कुणी दिली नव्हती. तो गालातल्या गालात हसला. लेक मात्र हसली नाही.

"अहो, दिसायला हवं ना! फाटलं होतं, कुणीतरी हाताने सांधलं, हेच तर लोकांना हवंय. अपसायकलिंग म्हणतात याला."

"म्हणजे दुरुस्तीच की."

"दुरुस्तीने वस्तू होती तशी होते. याने ती होती त्याहून वर चढते."

मग तिने त्याची शिकवणीच घेतली. तीसेक वर्षांपूर्वी म्हणे कुणी एक इंजिनिअर वैतागला, की लोक चांगल्या विटा फोडून त्यांचा चुरा करतात. त्याच्या मुलाखतीत हा शब्द छापून आला, आणि आता तो दर दुसऱ्या दुकानाच्या पाटीवर होता. रफूवाल्याने मान डोलावली. विटांचं दुःख त्याला पटलं. कोटांचं काही केल्या पटेना. एवढ्यात लेकीने त्याच्या हातात लालभडक दोऱ्याचं रीळ ठेवलं आणि कोटांवरचे रफू उसवून दिसतील असे पुन्हा घालायला सांगितले.

सुई चालेना. चाळीस वर्षं ज्याला गलथानपणा म्हणून नावं ठेवली, तो आता मुद्दाम करायचा? पहिला टाका सवयीने सरळ आला. तो उसवून त्याने वाकडा घातला, आणि ओळखीचं कुणी बघत नाही ना, म्हणून आजूबाजूला पाहिलं.

तो कोट सगळ्यांत आधी विकला गेला. "किती मन लावून केलंय!" घेणाऱ्या बाई म्हणाल्या. मन तेव्हा नेमकं कुठे होतं, हे त्याचं त्यालाच आठवेना. खुर्ची मिळाली खरी, पण आपण जिंकलो की हरलो, हे खुर्चीत बसूनही त्याला कळलं नाही.

दुपारी डबा खाताना लेक म्हणाली, "मला ना, आधीपासून ठिगळांची हौस. माझं लहानपणी काही फाटलंच नाही. सगळं नवं कोरं. फार लाड केलेत तुम्ही."

त्याचा घास तोंडातच राहिला.

नवं? तिच्या अंगावर नवं असं काही कधी आलंच नव्हतं. लोकांच्या मुलांचे टाकलेले कपडे तो रात्रंदिवस खपून सांधायचा, इस्त्री करायचा आणि ओळखीच्या दुकानातून कोरी पिशवी मागून आणून त्यात घालून द्यायचा. शाळेत पोरीला कुणी हसू नये, एवढंच मागणं होतं. आणि आज तीच पोर भोकं मिरवायला शिकवत होती! सांगावं तर तिचं लहानपण उसवणार. न सांगावं तर आपली सगळ्यांत चांगली कामं तिने कधी पाहिलीच नाहीत, ही बोच राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पेटीतून तिचा शाळेचा फ्रॉक काढला.

"अहो, आता हे उकरून काय मिळणार?" बायकोने विचारलं.

"मलाही कळत नाहीये," तो म्हणाला, आणि लाल दोरा ओवला. फ्रॉक उजेडात धरून, कापडावर अंगठा फिरवत एकेक जुना रफू त्याने शोधला आणि त्याच्याभोवती लाल टाक्यांचं रिंगण घातलं.

दुकानात लेकीने फ्रॉक ओळखला. "हा तर नवा आणला होता," ती म्हणाली. तिचं बोट गळ्याजवळच्या रिंगणावरून कमरेपाशी आलं, तिथून घेरावर. प्रत्येक रिंगणात ती फाटलेलं शोधत होती, आणि प्रत्येकात नुसतं सलग कापड होतं. तिचे डोळे भरून आले.

"बाबा, एवढी भोकं होती?"

"आणखी दोन होती," तो ओशाळून म्हणाला. "ती मलाच सापडत नाहीयेत."