छाटणीचं वर्ष

१९८५ साली, टाइपरायटरच्या रिबिनीने बोटं काळी होण्याचे दिवस होते तेव्हा, मेंदूच्या एका संशोधन केंद्रात एका शब्दाने आठवडाभर धुमाकूळ घातला.

तो शब्द पहिल्यांदा कानावर पडला नव्या टायपिस्टच्या. तिला सगळे टकटक म्हणत. टकटकची नोकरी कच्ची होती आणि घरी आत्या टपून बसली होती. आत्याच्या नणंदेच्या मुलाचं छत्र्यांचं दुकान होतं. छत्र्या सोडून त्याला दुसरा विषय नव्हता.

"नोकरी गेली की लग्न," आत्याने बजावलं होतं. "निदान पावसात भिजायची तरी नाहीस."

त्या सकाळी टकटक कागद घेऊन सरांच्या खोलीत गेली. केंद्राचे प्रमुख असलेले सर पाठमोरे उभे राहून फोनवर बोलत होते.

"हो हो, सुरुवातीला भरमसाट भरती! गरज असो नसो, घेतच सुटायचं. मग वयात आलं की छाटणी. जे कामाला येत नाहीत त्यांची रवानगी. छे, दयामाया कसली! शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगतोच."

टकटकने कागद तसेच टेबलावर टाकले. ती तडक हिशेबनीस काकांकडे धावली. काका शब्दकोडं सोडवत होते.

"काका, छाटणी आहे."

"बरं झालं, ती मेंदी फार माजली होती."

"बागेत नाही हो, इथे! जे कामाला येत नाहीत ते जाणार."

काकांचा चेहरा पडला. "मी येतो ना गं कामाला?"

"रोज येता की!"

"तसं येणं नव्हे गं बाई!"

दुपारपर्यंत बातमी गच्चीपर्यंत पोचली. ग्रंथालयाच्या बाई पुस्तक द्यायचं म्हणजे काळजाचा तुकडा काढून दिल्यासारखं करायच्या. त्या आता दारोदार पुस्तकं वाटत सुटल्या. पहारेकऱ्याच्या हातात त्यांनी बेडकाच्या आतड्यांवरचा जाडजूड ग्रंथ कोंबला. "वाचा, मन रमेल." वायरमनने वर्षानुवर्षं कण्हणारा पंखा दुरुस्त केला, तर त्या शांततेत कोणालाच डुलकी लागेना. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून काका आणि बाईंचं बोलणं कधीचं बंद होतं, ते दोघं आता एका बाकावर चहा पिऊ लागले.

"तुम्ही माझ्याबद्दल चार शब्द चांगले बोला," काका म्हणाले, "मी तुमच्याबद्दल बोलतो."

"चार आठवायला हवेत," बाई म्हणाल्या.

टकटक तर टाइप झालेलेच कागद पुन्हा टाइप करत होती. घरी आत्याने वेळ न दवडता छत्रीवाल्याला चहाला बोलावलं. त्याने बैठकीतच छत्री फाडकन उघडली आणि म्हणाला, "ही बटणाची."

टकटकला त्या रात्री झोप लागली नाही.

शुक्रवार उजाडला. सरांच्या व्याख्यानाला एरवी दोन विद्यार्थी असत, त्यातला एक झोपलेला. त्या दिवशी सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सरांना भरून आलं. दिवे मालवले. पडद्यावर काळेपांढरे ठिपके उमटले.

"पहिल्या काही महिन्यांत जोड वाढतच जातात," सर म्हणाले. "नंतर लागणार त्याहून कितीतरी जास्त. आणि मग सुरू होते छाटणी. पुष्कळसे जातात."

अंधारात काका उठले. "सर, मी जाणार नाही!"

"कुठे?"

"मी कामाला येतो! बाईंना विचारा."

"येतात हो," बाई म्हणाल्या. "कधी कधी."

"अहो काका, मी माकडांबद्दल बोलतोय!"

"ते कळलं, सर. माकड म्हणा हवं तर, पण ठेवा!"

दिवे लागले. सगळा प्रकार कळल्यावर सर इतके हसले की चष्मा खाली पडला.

"मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ना, त्या जागा म्हणजे हे जोड," ते डोळे पुसत म्हणाले. "माकडाच्या पिल्लाचा मेंदू आधी दिसेल त्याच्याशी ओळख काढतो. पुढे ज्या वाटेने येणंजाणं राहतं, ती बहुधा टिकते. बाकीच्या पुष्कळ मिटतात. माणसाचंही असंच काहीसं असावं. यात पगार कोणाचाच जात नाही!"

"मग पिल्लू वेडं नाही होत?" बाईंनी विचारलं.

"उलट शहाणं होतं."

सगळे खिदळले. टकटक तेवढी उभीच होती. "पण सर, माझी नोकरी कच्चीच आहे."

"ते नंतर बघू," म्हणत सर फळ्याकडे वळले आणि थबकले. सकाळी स्वतःच लिहिलेली ओळ त्यांना लागेना. त्यांनी मान वाकडी केली, चष्मा काढला, घातला. "हे काय लिहिलंय मी?"

"'वापरातला जोड टिकतो,'" टकटकने मागून वाचलं.

"तुला वाचता येतं हे?"

"रोज तेच तर करते, सर."

सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "मंडळी, हा जोड छाटायची माझी हिंमत नाही." आणि त्याच दिवशी टकटकची नोकरी पक्की झाली.

पुढे काका निवृत्त झाले, तरी बाईंशी त्या खिडकीवरून भांडायला रोज येत राहिले. बाईंनी पुस्तकं देणं सोमवारपासूनच बंद केलं. बेडकाचा ग्रंथ मात्र पहारेकऱ्याने परत केला नाही, त्याचं खरंच मन रमलं होतं. पंखा पुन्हा कण्हू लागला आणि वायरमनला सगळ्यांनी दुवा दिला. छत्रीवाल्याला त्याच्यासारखीच मुलगी मिळाली, रेनकोटवाल्याची. आत्या शेवटपर्यंत म्हणायची, "बटणाची होती गं!" सर खूप म्हातारे होऊन गेले, त्यांच्या अक्षराला मात्र कधी वळण लागलं नाही.

टकटकला आता काल काय जेवली तेही आठवत नाही. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं अक्षर लागलं नाही, की औषधाच्या दुकानातला माणूस अजून तिच्याच दारी येतो.