दोन वर्षांचा फोन

आमचे हे सौदीत दम्मामच्या मोबाइल बाजारात अकरा वर्षं फोन दुरुस्त करत होते, आणि त्या अकरा वर्षांत त्यांनी एकाही गाववाल्याला कंपनीच्या करारावर फोन घेऊ दिला नाही. "वेडा झालास काय? दोन वर्षं बांधून घेतात तुला. मधेच कायमचं घरी जायचं झालं तर आधी त्यांचे हप्ते फेडत बस, मग सुटका. त्यापेक्षा वापरलेला घे, मी बघून देतो." असं म्हणायचे आणि खरंच बघून द्यायचे. मागचं झाकण उघडून, कानाशी हलवून, पांढऱ्या कागदासमोर कॅमेरा धरून. आमच्या गावच्या, साखरतरच्या निम्म्या पोरांच्या खिशात ह्यांनी निवडलेले फोन होते.

म्हणून त्या दिवशी आमची गाडी बाजाराकडे न वळता कंपनीच्या चकचकीत शोरूमसमोर थांबली, तेव्हाच मला शंका आली. पण मी गप्प बसले. मी गप्प बसते ते फार वेळ टिकत नाही, हे ह्यांना चांगलं ठाऊक आहे.

पुढच्या गुरुवारी मी आणि आमची दोन्ही पोरं, अदिबा आणि झयान, कायमचे घरी निघालो होतो. बायकापोरांच्या डोक्यामागे सरकारने फी लावली होती आणि ती दरवर्षी वाढणार होती. आमच्या इमारतीतली चार घरं त्या मार्चमध्ये रिकामी झाली, आमचं पाचवं. ह्यांचं तर दोन वर्षांपूर्वीच बिनसलं होतं. मोबाइलच्या दुकानात फक्त सौदी माणूसच बसेल, असा हुकूम निघाला आणि अकरा वर्षांची खुर्ची एका दिवसात गेली. ह्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक, भला माणूस; त्याने आपल्या गोदामात लावून घेतलं. तेव्हापासून हे नट-बोल्टची खोकी मोजतात.

"एक वर्ष, मासूमा," असं हे मला म्हणाले होते. "फक्त एक. पुढच्या ईदला मी तुमच्यात, आणि मग परत जायचं नाव नाही." मी ते सासूबाईंना फोनवर सांगितलं. अदिबाने शाळेत बाईंना सांगितलं. त्या एका वर्षावर मी सामान बांधत होते. नाहीतर माझा हात चालला नसता.

शोरूममध्ये काउंटरला उसामा नावाचा सौदी होता, तिशीचा, बोलायला मऊ. त्याने चार फोन मांडले. ह्यांनी किंमत विचारली नाही, बॅटरी विचारली नाही. एकच धोशा लावला, समोरचा कॅमेरा कुठल्या फोनचा चांगला? माझ्यासमोर धर, झयानसमोर धर, जरा अंधारात धर. शेवटी एक फोन नक्की झाला. उसामाने ह्यांचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, घेतला, कागद छापले, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "सनतैन."

म्हणजे दोन वर्षं. एवढं अरबी मलाही येतं.

ह्यांनी मान हलवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की विचारू नका. पण तेवढ्यात असरच्या नमाजाची अजान झाली, उसामा उठला, दिवे मालवले आणि आम्हाला हसून बाहेर काढलं. कराराला ह्यांच्या बोटाचा ठसा लागायचा राहिला होता. तो आता दुकान उघडल्यावर.

हे मशिदीत गेले. मी पोरांना गाडीत बसवलं, एसी लावून दिला आणि बाहेर दुकानाच्या पायरीवर बसले. उन्हाने पायरी तापली होती. अबायातून चटका लागत होता तरी उठले नाही. या अल्ला, बाराएक वर्षं ह्या माणसाबरोबर काढली मी. लग्नानंतरची पहिली चार ह्यांच्या फोनच्या आवाजावर काढली, ते वर्षातून एकदा महिनाभर यायचे तेवढेच. मग मी इथे आले तेव्हा वाटलं, सुटले. सकाळी उठून ह्यांचा चहा करायचा, ह्यांच्या खोकल्याने जाग यायची, ह्याहून मला काही नको होतं. आता तेच पुन्हा? आणि ते मला एका परक्या माणसाच्या तोंडून कळावं?

हे नमाज पढून आले. मी उभी राहिले.

"मला सांगणार कधी होतात?"

"काय?"

"सनतैन."

ह्यांनी टोपी काढून खिशात घातली. वेळ काढायचा असला की हे असंच करतात. मग म्हणाले, "फोन माझ्यासाठी नाही. तुझ्यासाठी घेतोय."

"मला कशाला? माझा आहे की साधा."

"अगो, ऐक तरी. समोरच्याला चित्र कसं दिसतं, ते पाठवणाऱ्याच्या कॅमेऱ्यावर असतं. तुझ्या हातात चांगला फोन असला तर पोरं मला नीट दिसतील. झयानचे दुधाचे दात पडतील आता. अदिबा ताडमाड वाढेल. मला ते बघायचंय. माझं काय, मला हा जुना चालेल. माझ्या तोंडात काय बघण्यासारखं आहे?"

जुना म्हणजे ह्यांचा स्वतःचा. त्याच्या समोरच्या कॅमेऱ्यावर असे ओरखडे होते की माणूस चुलीच्या धुरात बसल्यासारखा दिसायचा. साऱ्या गावाचे फोन नीट केले, आपला तेवढा राहिला.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मी विरघळले. पण क्षणभरच.

"मग बाजारात चला," मी म्हटलं. "वापरलेला घ्या. चांगल्या कॅमेऱ्याचा, वर्षभर टिकेल असा. वर्षभराचाच प्रश्न आहे ना?"

हे रस्त्याकडे बघायला लागले.

"गेलो होतो बाजारात मागच्या महिन्यात. माझ्याच खुर्चीवर जो बसलाय त्याला म्हटलं, झाकण काढून जरा आत बघतो. म्हणाला, हात लावू नका. तुम्हाला परवानगी नाही." ह्यांनी स्वतःची बोटं बघितली. "मी गिऱ्हाईक म्हणून गेलो होतो गं. तरी."

मी पर्समधली पाण्याची बाटली ह्यांच्या हातात दिली.

"आणि वर्षाचं म्हणशील," हे हळूच म्हणाले, "तर येऊन करू काय मी? रत्नागिरीत गल्लीगल्लीत मोबाइलवाले आहेत. बेचाळिशीच्या माणसाला कोण उभं करणार? दोन वर्षं तरी..."

"आणि मग दोनाची तीन."

"नाही."

"शपथ घ्या."

ह्यांनी शपथ घेतली नाही. खोटी शपथ घेणारा माणूस नाही तो. घेतली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुकान उघडलं. उसामाने ठशाचं यंत्र पुढे सरकवलं. अकरा वर्षं तापल्या सळीशी आणि फोन साफ करायच्या उग्र पाण्याशी खेळून ह्यांच्या बोटांच्या रेषा पार झिजल्यात. पहिल्यांदा लाल दिवा लागला. दुसऱ्यांदाही लाल. मी मनात म्हणत होते, अल्ला, होऊ देऊ नकोस. एकदा नाही म्हण, म्हणजे आम्हाला बाजारात जावं लागेल आणि ह्यांना वर्षात यावं लागेल. नवऱ्याचं काम अडावं म्हणून दुवा मागणारी बायको बघितलीय कुणी? मी ती आहे. उसामाने ओल्या कपड्याने बोट पुसलं, तिसऱ्यांदा दाबलं आणि हिरवा दिवा लागला.

"खलास. मबरूक," तो म्हणाला. झालं म्हणे, मुबारक.

त्याने जुन्या फोनमधलं सिम काढून नव्यात घातलं. ह्यांनी ते सिम पुन्हा काढून घेतलं आणि नवा फोन माझ्या हातात दिला. मी तो परत ह्यांच्या हातात ठेवला आणि काउंटरवरचा जुना उचलून पर्समध्ये टाकला.

"हे काय?"

"हा मी नेणार."

"मासूमा, त्याचा कॅमेरा गेलाय. मला काही दिसायचं नाही."

"ठाऊक आहे. मला तुम्ही लख्ख दिसायला हवेत. आम्ही तुम्हाला धुरातच दिसू. पोरं नीट बघायची असतील तर या घरी."

उसामाला मराठी येत नव्हतं, पण त्याने एकदम कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. बायकोचा आवाज सगळीकडे एकच असतो बहुतेक.

ह्यांनी हरतऱ्हेने विनवलं. विमानतळावर झयानच्या दप्तरात नवा फोन हळूच सरकवला, तो मी बाहेर काढला. "अगो, असा कसला हट्ट!" म्हणाले. मी म्हटलं, असलाच. मला मनातून गंमत वाटत होती. दोन वर्षांच्या करारावर मी माझी अट घातली होती, आणि मला खात्री होती की महिन्या-दोन महिन्यांत हा माणूस तगमगून आपणहून घरी यायचं म्हणेल.

साखरतरला पोचल्यावर दुसऱ्या शुक्रवारी जुम्म्यानंतर ह्यांचा व्हिडिओ फोन आला. दुपारची वेळ, सासूबाई झोपल्या होत्या. मी ओटीवर बसले, एका बाजूला अदिबा, एका बाजूला झयान. बटण दाबलं आणि हे समोर आले.

किती स्वच्छ! दाढीतला पांढरा केस न् केस मोजता येत होता. सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं, तिथे टाचणी लावलेली. मागे एकावर एक लोखंडी पलंग, दोरीवर परक्या माणसांचे कपडे. आठ दिवसांत गाल आत गेले होते.

"Papa, you look so thin!" अदिबा ओरडली.

"छे, छे. कॅमेरा तसा आहे गं," हे म्हणाले. "झयानला पुढे घे. अजून पुढे. नाही... नुसतं पांढरं दिसतंय. झयान, आऽ कर बघू. दात पडला का रे?"

दात पडला होता. झयानने तोंड एवढं मोठं उघडलं, पार कॅमेऱ्याला चिकटवलं.

"दिसला?"

"हो, हो, दिसला," हे म्हणाले. नव्हता दिसला. ह्यांचे डोळे पडद्यावर दात शोधत इकडेतिकडे फिरत होते, ते मला दिसत होतं. मग त्यांनी मान जरा बाजूला करून बाहीने डोळे पुसले. अकरा वर्षं कॅमेरे उघडून बसलेला माणूस, पण आपल्या हातातला कॅमेरा चांगला आहे, हे तेवढ्यापुरतं विसरला. त्यांना वाटलं, मला दिसणार नाही.

मला सगळं दिसलं. टाचणी दिसली, डोळ्याखालची ओल दिसली, बाहीवरचा डाग दिसला. शिक्षा मी त्यांना दिली होती ना? मग मला का सहन होत नव्हती? माझं तोंड वेडंवाकडं झालं, खांदे हलायला लागले, आवाज फुटू नये म्हणून मी ओढणी दातात धरली.

तिकडून हे डोळे बारीक करून बघत होते.

"मासूमा, हलतेस काय एवढी? हसतेस ना?"

"हो," मी म्हटलं. "हसतेय."